दुपारचा दिवा

१

दुपारची जेवणं उरकली, चूल सारवून झाली, की सासूबाई मधल्या खोलीत चादर अंथरायच्या आणि तीन पाट मांडायच्या. घरात खेळणाऱ्या बायका दोनच होत्या. एक सासूबाई, सत्यभामाबाई. दुसऱ्या गोदाआत्या, माझ्या सासऱ्यांची विधवा बहीण. तिसऱ्या पाटावर कोणी बसत नसे. त्याच्याजवळ एक दिवा लावून ठेवत.

नवी नवरी प्रश्न विचारत नाही, मनातल्या मनात उत्तरं जुळवते. मीही जुळवली. वैशाखातलं अमरावतीचं ऊन, खिडक्यांना वाळ्याचे ओले तट्टे, खोलीत अंधुक, म्हणून दिवा. गंजिफा हा तिघांचा खेळ, दोघींत होत नाही. म्हणून तिसरा पाट. उत्तरं जुळली की माणूस बरं जेवतो.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. कापडावर खळ चढवून, रंगवून, वर लाख दिलेले. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. पाठी सगळ्यांच्या तांबड्या. सासूबाई पत्ते चादरीवर पालथे पसरायच्या, दोन्ही हातांनी डाळ निवडावी तशा कालवायच्या आणि तीन वाटे करायच्या. दोन वाटे दोघी उचलून घेत. तिसरा पाटापुढे पालथाच राही. त्याची पाळी आली की गोदाआत्या दिवा जवळ ओढून वरचा पत्ता उलटायच्या.

"तू उंबऱ्यापाशी बस," सासूबाई मला म्हणाल्या. "नुसती पाहा. तुझं व्हायचंय अजून."

"काय व्हायचंय?"

"ओळख."

२

माझे बाबा, कमलाकांत मास्तर, अकोल्याच्या शाळेत चित्रकला शिकवतात. लग्नात सगळ्यांनी भांडी दिली. बाबांनी भांड्यांबरोबर एक जाड कोरी वही दिली. लहानपणापासून त्यांचा एकच धडा. एक वस्तू समोर ठेव, रोज बघ, रोज लिही. जे दिसतं ते लिही, जे माहीत आहे ते लिहू नकोस. मी असा आमचा पितळी तांब्या लिहिला होता, अंगणातला बकाणनिंब लिहिला होता, एक अख्खा पावसाळा शेजारची म्हैस लिहिली होती.

म्हणून मी सासूबाईंना विचारलं, सकाळी कामं झाल्यावर गंजिफाचा डबा घेऊ का, एकेक पत्ता बघून वहीत लिहीन म्हणते. वाटलं होतं, रागावतील. देवांची चित्रं आहेत, तेलाचे हात लावू नको म्हणतील. पण त्या गोदाआत्यांकडे पाहून हसल्या.

"घे की. म्हटलं नव्हतं का वन्सं, पोरगी चांगली आहे?"

माझ्या चांगुलपणाची परीक्षा अकोल्याला बघायला आल्या तेव्हाच झाली होती. गाणं म्हणायला लावलं नाही, स्वैपाकाचं विचारलं नाही. माझे डोळे पदरानं झाकून सासूबाईंनी तळहातावर चिमूट चिमूट डाळी ठेवल्या होत्या. ही कोणती? ही? मी तूर, मूग, मसूर सगळ्या ओळखल्या. आई नंतर म्हणाली, काटकसरीचं घर दिसतं, दिवाबत्ती वाचवतात. आम्ही सगळे हसलो होतो.

लग्नात यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. (यांचं नाव हेमचंद्र, वहीत लिहायला काय जातं.) माहेरची मी सरोजिनी, बाबांची सरू. इथे मी जयवंता झाले. नाव जुन्या वळणाचं वाटलं, पण नाव काय, वापरून मऊ होतं.

३

रोज थोडे थोडे पत्ते लिहीत गेले. मत्स्याच्या राजाची नजर पाण्याकडे नाही, चित्रकाराकडे आहे. वामनाच्या प्रधानाला घोड्यावर बसवलंय, पण घोडा बसवून घ्यायला तयार नाही. परशुरामाच्या सत्तीत सहाच परशू. सातवा कोणाच्या तरी अंगठ्यानं घासून नेला. रामाचा राजा सगळ्यांत लख्ख, जणू कालच रंगवला. कृष्णाचा राजा सगळ्यांत काळवंडलेला. इतर पत्त्यांचं अंग तांबडं नाहीतर पिवळं; याचं काळं होतं की धुरानं झालं, ते खिडकीत धरूनही कळेना. दिव्याजवळ नेला तेव्हा कळलं. मी लिहिलं: "हा पत्ता दिव्यापाशीच दिसतो."

सगळे पत्ते पुढून लिहून झाले तेव्हा गोदाआत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांना वाचता येत होतं हे मला तेव्हा प्रथम कळलं.

"अक्षर बाकी मोत्यासारखं आहे. आता पाठीचंही लिही."

"पाठी तर सगळ्या सारख्या आहेत, आत्या."

"तुझ्या बाबांनी हेच शिकवलं का?"

टोमणा बरोबर बसला. मी पाठी लिहायला घेतल्या. आणि खरंच, एकही पाठ दुसरीसारखी नव्हती. कुठे लाखेचा फुगा, कुठे ओरखडा, कुठे कडेला दाताचा वाटावा असा ठसा. कृष्णाच्या राजाच्या पाठीवर कडेला तिळाएवढा टवका उडालेला होता. काही दिवसांत मला पालथा पत्ता पाहून आतला देव सांगता यायला लागला. मग न पाहताही, नुसतं बोट फिरवून. मला त्याचा थोडा गर्वच झाला.

त्यामुळे दुपारच्या डावाकडे मी आता निराळ्या नजरेनं बघत होते. तिसऱ्या वाट्यात काय आहे ते मला उंबऱ्यावरून दिसायचं. आणि काहीतरी बरोबर नव्हतं.

एक म्हणजे, कालवून वाटलेल्या वाट्यात पत्ते कसेही पडायला हवेत. वाटताना ते तसेच पडायचे, मी बघायची. पण गोदाआत्या वरचा पत्ता उलटायच्या तेव्हा तो नेमका हव्या त्या रंगाचा असायचा. कधी चुकला नाही.

दुसरं म्हणजे सुरुवात. गंजिफाचा नियम सोपा आहे: दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो पहिल्यांदा उतरतो, रात्री असेल तर ज्याच्याकडे कृष्णाचा. इथे टळटळीत दुपार. तरी दर डावात सुरुवात तिसरा पाट करायचा, कृष्णानं.

न राहवून मी विचारलं. "सासूबाई, दिवस आहे ना? मग रामानं सुरुवात काहून नाही?"

सासूबाई हातातले पत्ते लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आमच्याकडे दिवस आहे. तिच्याकडे रात्र असते."

गोदाआत्यांनी वात पुढे सारली आणि खेळ चालू झाला.

४

नवीन सुनेची थट्टा करतात, हे मला माहीत होतं. माझ्या मावशीला तेल्हाऱ्याला सासरी पहिल्या दिवशी मिठाचे लाडू वाढले होते. ही त्यातलीच लांबलेली थट्टा, असं मी ठरवलं. दोघी मिळून तिसरा वाटा जुळवतात, मी केव्हा घाबरते ते बघतात. हातचलाखी कुठे होते ते तेवढं सापडायला हवं होतं.

मग मृगाच्या सरी पडून गेल्या, वाळ्याचे तट्टे निघाले, खिडक्या सताड उघडल्या. मधल्या खोलीत ऊन थेट चादरीपर्यंत यायचं. दिवा तरीही लागत राहिला. माझं पहिलं उत्तर मोडलं.

पार्बताबाई रोज मागच्या दाराशी भाजी आणि फुलं घेऊन यायची. तिच्या टोपलीत आमच्यासाठी तीन गजरे वेगळे बांधलेले असत. सासूबाईंचा एक, माझा एक. गोदाआत्या तर फुलं माळत नाहीत.

"तिसरा कोणाचा गं, पार्बताबाई?"

"मले का मालूम, जयवंताबाई? मोठ्या बाईनं सांगतलं तसे आणतो मी. तुमचं लगन व्हायच्या आंधी दोन आणत होतो, आता तीन." तिनं वांगी तागडीत टाकली. "वांगे घ्या, कवळे हायेत. तोंड काहून उतरलं? माहेर आठवून राहिलं का?"

ती मला पहिल्या दिवसापासून जयवंताबाई म्हणत होती. बातमी फिरते, असं मी तेव्हा धरलं होतं. पण त्या दिवशी माझ्या साड्या ठेवायला सासूबाईंनी दिलेली ट्रंक मी नीट पाहिली. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं "सौ. जयवंता" लिहिलेलं होतं. नव्या सुनेचं नाव, म्हणून मला कौतुक वाटलं होतं. आता जे दिसतं ते पाहिलं: रंग जुना होता, भेगाळलेला, "ज"चा पोपडा निघालेला. आतल्या चोळ्याही शिवून तयार होत्या. माझं माप कोणी घेतलं नव्हतं, आणि त्या मला कुठेही सैल नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी हे कोर्टात जायला निघाले, कोटाची बटणं लावत होते, तेव्हा मी विचारलं. "या घरात माझ्याआधी जयवंता कोणी होतं का?"

यांनी बटण चुकीच्या घरात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. साक्षीदाराला उलटतपासणीत असं झालं असतं तर यांनी लगेच धरलं असतं.

"तुला दिसतं ना नीट?" हे म्हणाले. "उजेड पुरतो ना?"

"मी काय विचारलं?"

"आईला विचार. घरातलं मला नाही कळत." आणि जाता जाता, दाराकडे तोंड करून, "आखाड लागायच्या आत तुझे बाबा न्यायला येणार ना? लवकर बोलावून घे. पत्र मी टाकतो."

एवढं एकच वाक्य मला माझ्या बाजूचं वाटलं. आखाडात नव्या सुनेनं सासरी राहायचं नसतं. कधी नव्हे ती ही रीत मला फार शहाण्या माणसानं काढलेली वाटली. बाबा आले की अकोला. तिथे सगळं सांगायचं, वही दाखवायची, आणि मग परतायचं की नाही ते बघायचं. तेवढे दिवस काढायचे होते.

५

बाबांचं कार्ड आलं, गुरुवारी येतो म्हणून. त्याच दुपारी सासूबाईंचा खांदा धरला होता.

"सूनबाई, आज तू वाट पत्ते."

हातचलाखी पकडायची याहून चांगली वेळ नव्हती. कृष्णाशिवाय तिसरा पाट सुरुवात करू शकणार नाही. मग बघू थट्टा कशी चालते. मी पत्ते कालवले. टवक्याची पाठ बोटाला लागली तशी बाजूला ठेवली आणि ती सासूबाईंच्या वाट्यात सरकवली.

दोघींनी आपापले वाटे उचलले. सासूबाईंनी पत्ते पंख्यासारखे उघडले आणि त्यांचा हात थांबला.

खिडकीतून ऊन त्यांच्या मांडीवर पडलेलं होतं. बांगडीचा कवडसा भिंतीवर हलत होता.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "खिडकी कोणी लावली?"

गोदाआत्यांनी आपले पत्ते खाली ठेवले.

"वन्सं, दिवा आणा हो इकडे. मला पत्ते दिसत नाहीत." त्यांचे डोळे उघडे होते आणि माझ्यावरून फिरत होते, जसे आपण अंधारात उंबरा शोधतो. मग मान थोडी वळवून, रिकाम्या पाटाकडे, अगदी हलक्या आवाजात: "तू इथे बसतेस होय. किती वाळलीस गं."

गोदाआत्या चटकन वाकल्या. सासूबाईंच्या पत्त्यांतून कृष्णाचा राजा ओढला, तिसऱ्या वाट्यावर पालथा टाकला. सासूबाईंनी डोळे चोळले, पदरानं तोंड पुसलं. कवडसा अजून भिंतीवर होता.

हे सोंग असेल असं मी स्वतःला सांगितलं. पण सोंग करणारा आपल्याकडे चोरून बघतो. त्या दोघी उघड उघड बघत होत्या.

"तुला पाठी येतात," गोदाआत्या म्हणाल्या. रागानं नाही. परीक्षेचा निकाल सांगावा तशा.

"न बघता?" सासूबाईंनी विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं. डाळी ओळखणारी पोर मान डोलावून मोकळी झाली.

"मग झालं की तुझं," सासूबाई म्हणाल्या. "आता बसायला हरकत नाही."

६

गुरुवारी सकाळी पार्बताबाई म्हणाली, "उद्यापासून दोनच सांगतले बाईनं." मी माहेरी जाणार, म्हणून एक कमी. उरलेल्या दोनांपैकी दुसरा कोणाचा, ते विचारायचं मी सोडून दिलं होतं.

जेवणं झाली. ट्रंक भरून पडवीत ठेवली. तिसऱ्या पाटापुढे आज रांगोळी होती.

"आमच्यात सून पहिल्यांदा माहेरी जाते ती एक डाव खेळून," सासूबाई म्हणाल्या. "डाव न खेळता उंबरा ओलांडता येत नाही."

"आणि नाहीच खेळले तर?"

"तर तुझ्या बाबांना चहा देऊ, आणि पुढच्या वर्षी या म्हणू." त्या हसल्या. सासूबाईंचं हसणं छान आहे, हे सांगायला हवं.

बाबा परत फिरले असते. मुलीच्या सासरी आवाज चढवणारे ते नव्हेत. मी विचार केला. एकच पत्ता वाईट आहे, आणि तो मला अंधारातही ओळखू येतो.

"वाटायचे मी," मी म्हणाले.

"वाट की," गोदाआत्या म्हणाल्या. फार लगेच म्हणाल्या. ते मला नंतर कळलं.

वही मांडीखाली ठेवून मी पाटावर बसले. पाट कोमट होता. पत्ते कालवताना मी टवका शोधत होते, आणि तो सापडला. कडेला, तिळाएवढा. तो मी गोदाआत्यांच्या वाट्यात घातला, आणि तो तिथेच आहे याची दोनदा खात्री केली. बाहेर टांग्याच्या घुंगरांचा आवाज आला, फाटक वाजलं. बाबा आले. एक डाव, मग अकोला.

मी माझे पत्ते उचलले.

कृष्णाचा राजा मधोमध होता.

पाठीवर बोट फिरवलं. टवका असायचा तिथे लाख भरलेली होती, चिकटपणा अजून न गेलेली. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी पत्त्याचा टवका मुद्दाम उडवला होता. वही रोज फळीवर असायची. खूण कुठे, केवढी, कशी लागते, सगळं मी मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

"कोणाकडे?" सासूबाईंनी विचारलं.

सांगायला मी मान वर केली. खिडकी कोणीतरी लावली होती.

७

दिव्याचा उजेड चांगला आहे. पाट, चादरीचा थोडा भाग, माझे हात, एवढं दिसतं. त्यापलीकडे काळं, आणि रातकिडे.

माझ्या अगदी शेजारून कोणीतरी उठलं. गुडघे वाजले, खूप दिवस मांडी घालून बसलेल्या माणसाचे वाजतात तसे. बांगड्या सरकल्या. पदर ओढून घेताना त्याचं टोक दिव्याच्या उजेडात आलं; मी नेसले होते त्याच साडीचा काठ. चेहरा वर होता, उजेडाच्या बाहेर. तिनं खाली वाकून माझ्या केसांतला गजरा काढून घेतला, हळू, एकही केस ओढला न जाता.

बाहेरच्या खोलीत बाबा होते. "सरू!" त्यांनी हाक मारली.

मी "बाबा" म्हणाले. माझा आवाज दिव्यापर्यंत जाऊन थांबला.

बाबांनी पुन्हा हाक मारली. सरू हे नाव तिच्या ओळखीचं नव्हतं म्हणून असेल. मग माझ्याच आवाजात उत्तर गेलं:

"आले, बाबा."

ट्रंक उचलल्याचा आवाज. सासूबाई म्हणत होत्या, जपून जा. टांगा गेला.

मी घाबरून आरडाओरडा केला नाही. केला असेल, तर इथे त्याचा उपयोग होत नाही. वही मांडीखाली होती, म्हणून ती माझ्याबरोबर राहिली. पेन्सिल वहीत असते. तेल घालायला गोदाआत्यांचा हात येतो. हात दिसतो, आत्या दिसत नाहीत. दुपार झाली की पाटापुढे पत्ते पडतात. मी ते रंगानुसार लावून ठेवते, हवा तो वर. लावले नाहीत तर तेल उशिरा येतं. गजरा रोज येतो. तो पाटाशी वाळतो, दुसरा येतो.

मी एवढ्यावर धीर धरला होता, की अकोल्याला बाबा आहेत. बाबा जे माहीत आहे ते बघत नाहीत, जे दिसतं ते बघतात. वहीत म्हशीच्या शिंगाचा बाक चुकला तरी त्यांना कळायचं. ती जेवताना समोर बसेल, हसेल, वळून बघेल. कुठेतरी एक रेघ चुकेल. बाबा नीट बघतील.

आज मागच्या दाराकडून पार्बताबाईचा आवाज आला.

"आल्या का जयवंताबाई माहेरून? झाला आखाड? तब्येत चांगली झाली हो तुमची." टोपली टेकवल्याचा आवाज. "मंग उद्यापासून तीन आणू ना गजरे?"

"आण तीन," ती म्हणाली. आणि मग, जराशी हसून, अगदी माझ्या आईच्या हेलात, "बाबा तर मला सोडतच नव्हते."